गाणं शिकवायला बरेच आहेत, गळा कोण शिकवणार? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. संगीत नाटकातल्या गायक नटांबद्दल इथे बरंच लिहिलं जातं, पण ते बहुतेक आठवणींच्या अंगानं. मला आज गाण्याच्या आणि गळा शिकवण्याच्या रोजच्या कामाविषयी लिहायचंय.

मी सांगलीची. शाळेत असताना 'शारदा'तल्या मैत्रिणींच्या घोळक्यात उभी राहिले. पुढे 'सौभद्र'मध्ये आधी रुक्मिणी आणि मग बरीच वर्षं सुभद्रा केली. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत गायले, गणपतीत भावगीत-भक्तिगीतांचे कार्यक्रम केले, आकाशवाणी सांगलीवर सुगम संगीत गायले. हे चालू असतानाच गावभागात क्लास काढला. आजही प्रयोग मिळाला की करते आणि क्लास तर रोजचाच. शिकवणं म्हणजे गाणं थांबल्यावर करायची गोष्ट, असं मी कधीच मानलं नाही.

माझं म्हणणं असं, की आपल्याकडे राग, बंदिशी, ताना, परीक्षेचे तोंडी प्रश्न हे सगळं नीट शिकवलं जातं, पण हे सगळं ज्या गळ्यातून यायचं त्याच्याकडे कुणी बघत नाही. आवाज देवानं दिला तसा दिला, आता रियाज कर, एवढ्यावर विषय संपतो. आणि रंगमंचावर उभं राहिलं की नेमकं हेच उघडं पडतं.

उदाहरण देते. बलरामदादानं दुर्योधनाशी लग्न ठरवलंय म्हणून सुभद्रा कासावीस आहे. 'वद जाऊ कुणाला शरण' या पदाआधी तिचं बोलणं हुंदक्यांनी तुटत आलेलं असतं. नटीला खरंच रडू आलं तर गळा आवळतो, जिभेचं मूळ मागं सरकतं, श्वास वर छातीत अडकतो, आणि त्याच क्षणी ऑर्गन सूर देतो. आता गायचं कसं? मला माझ्या गुरूंनी सांगितलं होतं, हुंदका आवाजात घ्यायचा नाही, शब्दाच्या आधीच्या श्वासात घ्यायचा. प्रेक्षकाला रडणं दिसतं, ऐकू येतं, आणि गळा मोकळा राहतो. दुसरं म्हणजे संवादाचं शेवटचं वाक्य पदाच्या षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, आसपास आणून सोडायचं. चांगला ऑर्गनवाला त्या वाक्याखाली हलकेच सूर धरून ठेवतो, म्हणजे बोलण्यातून गाण्यात जाताना सांधा दिसत नाही. तिसरी गोष्ट नऊवारीची. मेकअपच्या खोलीत कमरेची गाठ मारून घेताना मी पोटभर श्वास घेऊन फासळ्या फुगवून धरते. श्वास सोडलेला असताना कुणी गाठ आवळली तर खालच्या फासळ्यांना हलायला जागाच उरत नाही, आणि लांब पल्ल्याची ओळ मधेच तुटते. नव्या मुलींना मी पदाच्या आधी हे शिकवते.

आणि 'वन्स मोअर' आला तर पद पुन्हा म्हणून लगेच त्याच भरात संवाद उचलायचा असतो. मैफलीत दोन चिजांच्या मधे पाणी प्यायला उसंत मिळते, इथे तीही नसते.

आता पट्टीचं. पट्टी म्हणजे आपला 'सा' पेटीच्या ज्या काळ्या किंवा पांढऱ्या सुरावर धरतो तो; काळी चार, पांढरी चार ही त्या सुरांची नावं. 'सौभद्र'मध्ये एकाच ऑर्गनवर अर्जुन गातो, कृष्ण गातो, नारद गातो, सुभद्रा गाते. प्रत्येकाची पट्टी निराळी. ऑर्गनवाला माणूस बघून षड्ज बदलतो आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. मग क्लासमध्ये मात्र वीस पोरं-पोरी सरसकट काळी चारला का बसवायची? एखाद्या मुलीचा आवाज पांढरी चारचा असतो. तिला वर्षानुवर्षं काळी चारला ओढलं की तार, म्हणजे वरच्या, सप्तकात ती मान ताणते, हनुवटी वर करते, गळ्याच्या शिरा दिसायला लागतात. मग सगळे म्हणतात, हिचा आवाज वर जात नाही. याउलट जिचा गळा काळी पाचचा आहे तिला खर्जात, म्हणजे अगदी खालच्या सुरांत, नुसता श्वास ऐकू येतो.

मी नवीन मुलाला पहिल्या दिवशी गायला लावतच नाही. पेपरमधली बातमी मोठ्यानं वाचून घेते, घरचं काय काय ते बोलतं करते. बोलताना वाक्य जिथे सहज येऊन टेकतं तो सूर पेटीवर शोधते. मग हळूहळू खाली आणि वर जाऊन बघते. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमापासून तार मध्यमापर्यंत कुठेही न ओढता फिरता येईल अशी पट्टी धरायची. ती वर्षभरात बदलली तर पुन्हा शोधायची.

पट्टी वयानंही बदलते. मी काळी पाचला सुभद्रा गायले, आज काळी तीनला गाते. पन्नाशीच्या पुढे बायकांचा आवाज उतरतो, तो शरीराचा धर्म आहे. पट्टी उतरली म्हणजे गायिका संपली, हे बोलणं मी फार ऐकलंय आणि मला ते साफ नामंजूर आहे. उतरलेल्या पट्टीत मध्य सप्तकाला जो भरीवपणा येतो तो विशीत नव्हता.

इथे गाणारे, शिकवणारे, मुलांना क्लासला घालणारे बरेच जण आहेत. लिहा.

हळदबाजार

ताई, बरं झालं धागा काढला. आमचा पोरगा तेरा वर्षांचा हाय. पाचवीपासून क्लासला जातोय, गाण्याची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा झाली, गणपतीत मंडळासमोर गायचा तेव्हा गल्ली गोळा व्हायची. गेले चार-पाच महिने आवाज असा चिरकतोय की पोरगं तोंडच उघडंना. क्लासमधले सर म्हणतात परीक्षा जवळ आली, रियाज वाढवा. तो म्हणतो मी जातच न्हाई. मला गाण्यातलं काय कळत न्हाई, पण पोराचा गळा खराब होईल काय? का सोडून द्यावं?

घसा_तपासणारी

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, सांगलीतच प्रॅक्टिस करते, आणि गाणाऱ्यांचे घसे रोज बघते.

हळदबाजार, तुमच्या मुलाला आजार नाही. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि मुलांचा आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनी, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. मेंदूला जुन्या स्वरयंत्राची सवय असते, आता यंत्रच नवीन आलंय, म्हणून मधेच आवाज फुटतो. या काळात जुन्याच पट्टीत जोर लावून गाण्यानं नुकसान होतं. 'रियाज वाढवा' हा सल्ला इथे चुकीचा आहे.

आता सगळ्यांसाठी थोडं. काळी चारच्या मध्य षड्जाला स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०८ वेळा एकमेकांवर येऊन भिडतात, तार षड्जाला त्याच्या दुप्पट. तीन अंकांच्या नाटकात किती वेळा होत असेल बघा. पट्टी चुकीची असेल किंवा जोर लावून गायलं जात असेल तर दोन्ही तंतूंवर समोरासमोर गाठी धरतात. जागाही जवळजवळ ठरलेली, पुढचा एक तृतीयांश भाग जिथे संपतो तिथे. या गाठी बऱ्याचदा शस्त्रक्रियेशिवाय, आवाजाच्या व्यायामांनी आणि सवयी बदलून कमी होतात. म्हणून घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर टिकला तर दुर्बिणीतून घसा बघून घ्या. आणि गाताना आवाज एकदम गेला, तर तिथेच थांबा. तंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो, तसंच पुढे गायल्यास कायमची इजा होते.

ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग यांनी घशाला बरं वाटतं, ते घ्या. पण आपण गिळतो ती कुठलीच गोष्ट स्वरतंतूंवर जात नाही, ती अन्ननलिकेत जाते. स्वरतंतूंना ओलावा मिळतो तो दिवसभर पाणी प्यायल्यानं आणि वाफेनं. लवंगेनं घसा थोडा बधिर होतो आणि मग दुखतंय हेच कळत नाही. प्रयोगाच्या आधी तेवढी टाळा.

जुना_प्रेक्षक

कृष्णाकाठची ताई, तुम्ही म्हणता ते पटलं, पण आपल्या भागात गळ्याचा विचार कुणीच केला नाही असं वाचणाऱ्याला वाटू नये, म्हणून दोन ओळी जोडतो.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून या गावाला रंगमंचावरचं गाणं ठाऊक आहे. 'शारदा' लिहिणारे देवल हरिपूरचे, पलीकडे संगमावर. बालगंधर्व १९०५ साली पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभे राहिले ते मिरजेत. बळवंत संगीत मंडळींचे दीनानाथ मंगेशकर सांगलीत राहिले. आणि या सगळ्यांनी ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला. तो निव्वळ दैवी चमत्कार नव्हता, त्यामागे तालीम होती. बालगंधर्व भास्करबुवा बखल्यांकडे शिकले, हे लोक विसरतात.

मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्याच परंपरेतले प्रा. बी. आर. देवधर, जन्म मिरजेचा, १९०१ चा. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला आणि आवाजाच्या शास्त्रावर आयुष्यभर काम केलं. कुमार गंधर्व त्यांचे शिष्य. अशोक रानड्यांनी आवाज जोपासण्याच्या शास्त्राचं पुढे जे काम केलं, तेही देवधरांकडे शिकून. म्हणजे ज्याला आपण आज परदेशी व्हिडिओ बघून शिकतो, त्याची सुरुवात करणारा माणूस आपल्या मिरजेचा होता.

एकच_खोली

मी गेली अनेक वर्षं क्लास चालवतो. ताईंचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

माझ्याकडे एका बॅचला पंधरा-सतरा मुलं असतात. खोली एक, पेटी एक, तबलजी एक आणि तोही तासावर. प्रत्येकाची पट्टी वेगळी धरायची तर एका तासात एकेकाला चार मिनिटं येतील. पालक फी देतात ते वर्षाला एक परीक्षा व्हावी म्हणून. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, असं चढत जायचं. मुलगा नापास झाला तर पालक मला विचारतात, त्याच्या गळ्याचं विचारत नाहीत. फी वाढवली तर निम्मी मुलं जातील. तुम्ही नाटकातल्या नावावर मोजकी मुलं घेऊ शकता, उपनगरातल्या क्लासवाल्याला ते जमत नाही. सामुदायिक शिकवण्यामुळेच गाणं सामान्य घरांत पोचलं, आणि तेही विष्णु दिगंबरांचंच देणं आहे.

कृष्णाकाठची

>> एका तासात एकेकाला चार मिनिटं येतील.

सर, तुमची अडचण खरी आहे आणि ती मला माहीत आहे. माझी सुरुवातही एकाच खोलीत झाली. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ती खोली पाण्याखाली होती. पेट्यांचे भाते कुजले, सूरपट्ट्या गंजल्या. त्यानंतर काही महिने आम्ही पेटीशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर शिकवलं, आणि मला जाणवलं की पेटी नसली की मुलं एकमेकांचं आणि स्वतःचं जास्त ऐकतात.

प्रत्येकाला वेगळी पट्टी द्या असं मी म्हणत नाही. बॅच इयत्तेवर न पाडता पट्टीवर पाडा. माझ्याकडे तीन गट आहेत. काळी चार-पाचच्या मुली एका वेळी, पांढरी चार ते काळी तीनवाल्या दुसऱ्या वेळी, आणि आवाज फुटलेली मुलं व मोठे पुरुष काळी एक-दोनला तिसऱ्या वेळी. एकाच गटात प्रवेशिकेची आणि मध्यमेची मुलं शेजारी बसतात. पलटे (सुरांचे उलटसुलट क्रम) आणि खर्ज सगळ्यांचा एकत्र होतो, राग वेगळे घेते. खोली तीच, तबलजी तोच, फी तीच. लहान मुलं मोठ्यांचं ऐकून आपसूक पुढचं शिकतात, हा त्यातला फायदा.

परीक्षेला माझा विरोध नाही. माझी मुलंही परीक्षा देतात. पण परीक्षेत पट्टी मुलाने आपली निवडायची असते. ती निवडून देणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे, आणि त्याला चार मिनिटं पुरतात, वर्षातून दोनदा.

हळदबाजार दादा, पोराला सोडवू नका आणि रियाजही वाढवू नका. त्याला सांगा, गळा मोठा होतोय, लाज कसली. या दिवसांत त्यानं रोज दहा-पंधरा मिनिटं, जिथे आवाज फुटत नाही त्या तीन-चार सुरांतच, हळू आवाजात, ओठ मिटून हुंकार द्यावा. सूर खाली सरकत जाईल तसं त्याच्या मागे जायचं, वर ओढायचं नाही. बाकी वेळ तालाला द्या. तबल्याचा एखादा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, शिकू दे, हातावर ताल धरून बंदिशी म्हणू दे, ऐकू दे. लय पक्की झालेला मुलगा आवाज स्थिरावल्यावर फार लवकर पुढे जातो. माझ्याकडचा एक मुलगा असाच दोन वर्षं नाटकात झांज वाजवत विंगेत बसला, आज अर्जुनाची पदं गातो.

तंतू_मिरज

आमचं घराणं तंतुवाद्यं बनवणाऱ्यांचं. सतारमेकर गल्लीत दुकान आहे. गाणारा नसलो तरी पट्टीचा विषय निघाला म्हणून लिहितोय, कारण आमचा निम्मा धंदा पट्टीवरच चालतो.

तंबोरा पट्टी बघूनच निवडायचा. बाईच्या काळी चारचा तंबोरा वेगळा, पुरुषाच्या काळी एकचा वेगळा. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी सगळं बदलतं. भोपळे पंढरपूर भागातून येतात, लाकूड तुणीचं. काही क्लासवाले एकच जनानी तंबोरा घेतात आणि त्यावर सगळ्यांना बसवतात. तारा ढिल्या करून काळी एकला आणल्या की जवारी, म्हणजे तंबोऱ्याची घुमणारी आस, मरते, तार नुसती फडफडते. मग मुलाला वाटतं आपलाच सूर लागत नाही.

जवारी लावणं म्हणजे घोडीचा, ज्या पट्टीवर तारा टेकतात तिचा, माथा असा घासून आणायचा की तार त्याला एका रेषेत चाटून जाईल. तार आणि घोडीच्या मधे सुताचा धागा सरकवून ती जागा शोधायची. केसाएवढा फरक पडला तरी आवाज बंद. हे काम कानानं होतं, मोजपट्टीनं नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला आनंद आहे. पण मोबाइलमधला तंबोरा लावून शिकणारी पिढी जवारी उघडलेला खरा तंबोरा ऐकतच नाही, हे बघून वाईट वाटतं. सांगली-मिरजेतल्या कुठल्याही क्लासनं मुलांना घेऊन यावं, मी बसून दाखवीन. पैसे नकोत.

स्टेज_शो

ताई, मी नाटकातला नाही, ऑर्केस्ट्रात गातो. गणपती ते दिवाळी आणि मग लग्नसराई. एका रात्री पंचवीस-तीस गाणी, तीही चार वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात, ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर. ट्रॅकची पट्टी मूळ गाण्याची, ती माझी नसते. शेजारी डीजे. मॉनिटरमधून स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ओरडलं जातं. पहाटे तीनला जेवण आणि गाडीत झोप. या सीझनला आवाज बसला तो अजून पूर्ण सुटलेला नाही. आमच्यासारख्याला कुणी गळा शिकवतं का? क्लासमध्ये गेलो तर भूप रागापासून सुरुवात करा म्हणतात.

घसा_तपासणारी

स्टेज शो, तुम्ही आधी तपासणीला या, माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे. आवाज बसून महिना होत आला असेल तर आता थांबू नका.

पहाटेचं जेवण आणि लगेच आडवं होणं याकडे गाणारे लक्ष देत नाहीत. पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राच्या मागच्या भागाला सूज येते, सकाळी आवाज जड लागतो, सारखं खाकरावंसं वाटतं. आणि खाकरणं म्हणजे तंतू एकमेकांवर आपटणं. कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधी जेवा, नंतर हलकं काहीतरी घ्या, गाडीत डोकं उंच ठेवा. कुजबुजत बोलणं म्हणजे विश्रांती असाही समज आहे, तोही खरा नाही. बसलेल्या आवाजात कुजबुजण्यानं ताण वाढू शकतो. गप्प बसा किंवा हळू, मोकळं बोला.

कृष्णाकाठची

स्टेज शो दादा, तुमचं काम आमच्यापेक्षा कठीण आहे. आम्हाला निदान आमची पट्टी मिळते. तीन गोष्टी लगेच करून बघा.

ट्रॅकची पट्टी बदलता येते. संयोजकाला आधी सांगून आपले ट्रॅक एक-दोन सूर उतरवून घ्या, श्रोत्यांच्या लक्षातही येत नाही. दुसरं, यादी लावताना वरच्या सुरांची गाणी पाठोपाठ घेऊ नका, मधे एखादं खालच्या सुरातलं भक्तिगीत ठेवा. तिसरं, कार्यक्रमाच्या आधी अर्ध्या पेल्यात पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ बुडवा आणि बुडबुडे काढत 'ऊ' म्हणत खालून वर, वरून खाली फिरा. पाच-सात मिनिटं पुरेत. ओठांशी अडथळा असला की आतला दाब स्वरतंतूंना सांभाळून घेतो, ते जोरानं आपटत नाहीत. कार्यक्रम संपल्यावरही हेच, पण फक्त खालच्या दिशेनं.

भूपापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, भूप सुंदर आहे. पण तुम्ही क्लासला आल्या आल्या, जे गाणं स्टेजवर गाता त्याचीच एक ओळ घेऊन श्वास कुठे तुटतो, जबडा कुठे आवळतो हे दाखवायला हवं. रंगमंचावर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला आज रात्रीपुरतं आधी सावरावं लागतं, पाया त्याच्या जोडीनं घालावा लागतो.

काउंटर_नंबर_तीन

मी बँकेत आहे, विशारद पूर्ण केलंय, नाट्यपदं मनापासून आवडतात. पूर्णवेळ गाणं आणि शिकवणं यावर सांगलीत घर चालतं का? नोकरी सोडावी असं वारंवार वाटतं. आणि एक शंका आहे. मी पूर्वी ज्यांच्याकडे शिकत होते ते कार्यक्रम आला की क्लास रद्द करायचे, महिन्यात चार-चार तास बुडायचे. प्रयोग करणारा माणूस नीट शिकवू शकतो का?

कृष्णाकाठची

स्पष्ट लिहिते. संगीत नाटकाच्या नाइटवर, म्हणजे प्रयोगामागच्या मानधनावर, आज कुणाचंच घर चालत नाही. पात्रं पंधरा, ऑर्गन-तबला-सारंगी वेगळे, पडदे, गाडी, आणि प्रयोग वर्षातून मोजके. भावगीतांचे कार्यक्रम हंगामात बरे मिळतात. आकाशवाणीची ऑडिशन द्यावी, श्रेणी मिळाली की अधूनमधून बोलावणं येतं आणि आवाजाला शिस्त लागते, पण ते मानधन पगाराच्या जागी धरता येत नाही. दरमहा येतो तो पैसा शिकवण्याचा. तो उभा राहायला मला खूप काळ लागला. म्हणून नोकरी इतक्यात सोडू नका. संध्याकाळी चार मुलं घेऊन बघा. शिकवताना तुम्हाला स्वतःच्या गळ्यातलं काही कळायला लागलं आणि कंटाळा आला नाही, तर पुढचं ठरवा.

क्लास बुडवण्याबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. माझा नियम असा, की क्लासचे वार ठरलेले, त्या वारी दौरा घेत नाही. घ्यावाच लागला तर मोठ्या विद्यार्थिनी क्लास घेतात आणि बुडालेला तास रविवारी भरून निघतो. शक्य असेल तेव्हा मुलांना तालमीला नेते. विंगेत उभं राहून त्यांना दिसतं, की बाई घसा खराब असताना कुठली जागा सोडून देतात, कुठली तान लहान करतात, श्वास कुठे चोरतात. हे मी क्लासमध्ये समजावून सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं. प्रयोग करणारा शिक्षक मुलांना हवा तो यासाठीच. आपलं शिकवलेलं आपण स्वतः लोकांसमोर लावून बघतो, चुकलं तर दुसऱ्या दिवशी बदलतो.

२०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा ऑनलाइन शिकवलं. आवाज उशिरा पोचत असल्यामुळे एकत्र गाता येत नव्हतं. प्रत्येक मूल आपल्या घरी आपल्या पट्टीचा तंबोरा लावून बसायचं, मी एक ओळ गाऊन थांबायची, मग ते गायचं. त्या काळात एकेकाचा आवाज सुटा ऐकायला मिळाला आणि गटात लपणारी मुलं सापडली. आता प्रत्यक्ष क्लासमध्येही आठवड्यातून एकदा मी प्रत्येकाकडून एक ओळ एकट्यानं म्हणून घेते.

एकच_खोली

ताई, पट्टीवर बॅच पाडायची कल्पना डोक्यात बसली. प्रवेशिका आणि मध्यमा एकत्र बसवल्यावर पालकांनी कुरबुर केली का? आमच्याकडे 'माझ्या मुलीला लहानांच्यात का बसवलं' हे हमखास येणार.

कृष्णाकाठची

केली. पहिल्या महिन्यात तीन-चार पालक येऊन गेले. मी त्यांना समोर बसवलं आणि मुलीला आधी जुन्या पट्टीत, मग नव्या पट्टीत तोच आलाप म्हणायला सांगितलं. गाणं न कळणाऱ्या आईलाही फरक ऐकू येतो, चेहरा बघूनच कळतो. त्यानंतर प्रश्न आला नाही. तुम्हीही बोलून पटवत बसू नका, ऐकवा. आणि मोठ्या मुलीला आठवड्यातून एकदा लहानांचे पलटे घ्यायला द्या, तिला त्याचा अभिमान वाटतो.

हळदबाजार

ताई, डॉक्टर ताई, दोघींना धन्यवाद. पोराला वाचून दाखवलं. आवाज एक सप्तक खाली येतो म्हणल्यावर म्हणाला, म्हणजे मी बिघडलो न्हाई व्हय? तबल्याला तयार झालाय. आता एकच सांगा, एप्रिल-मेच्या सत्रात मध्यमा प्रथमचा फॉर्म भरू का नको? सर मागं लागलेत.

कृष्णाकाठची

नका भरू दादा. नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र आहेच, तेव्हाही आवाज स्थिरावला नसेल तर पुढच्या वर्षी. सरांना घसातज्ज्ञांचा प्रतिसाद दाखवा, ते समजून घेतील. मधल्या काळात तबल्याची प्रारंभिक देऊ शकतो, म्हणजे वर्षही मोकळं जाणार नाही.

तंतू मिरज, तुमचं आमंत्रण मी घेतलं. पहिल्या रविवारी सकाळी दहाला तिन्ही गटांची मुलं घेऊन येते, जनानी आणि मर्दानी असे दोन तंबोरे लावून ठेवाल का? हळदबाजार दादा, तुमच्या मुलालाही पाठवा. एकच खोली सर, तुमची मुलं आणलीत तर चांगलंच. मिरज स्टँडवर साडेनऊला भेटू.

तंतू_मिरज

दोन नाही, तीन लावून ठेवतो, काळी एक, काळी तीन आणि काळी चारचा. एक घोडी अर्धवट घासलेली ठेवीन, मुलांना हातानं करून बघू दे. किती जण येणार तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा, दुकान लहान आहे, जास्त असले तर दोन वेळा बसवू.